मदत हवी आहे: वॉर्डात मर्मर (हृदयाच्या ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू येत नाही आणि पेशंटला विचारायचं कसं तेही कळत नाही

नमस्कार मंडळी,
मी मुंबईत एमबीबीएस करतेय, सध्या मेडिसिनची पोस्टिंग चालू आहे. इथे डॉक्टर, नर्स, फिजिओ बरेच आहेत, म्हणून धागा काढतेय. 'आधी पुस्तक वाच' एवढं मात्र सांगू नका. पुस्तक पाठ आहे, रडगाणं पुढचं आहे.

परवा मला एक केस मिळाली. पस्तिशीच्या ताई, घरकामं करणाऱ्या. मी विचारलं, "दम लागतो का?" त्या म्हणाल्या, "नाही." मी लिहिलं, दम लागत नाही. स्टेथ लावला. शेजारच्या खाटेवर नेब्युलायझर चालू, डोक्यावर पंखा खडखडतोय, दारात नातेवाईकांची वॉचमनशी हुज्जत. लब-डब ऐकू आलं. लिहिलं, मर्मर नाही, छाती क्लिअर.

राउंडला सर आले. माझा कागद बघितलाच नाही, ताईंना विचारलं, "घरी पाणी कोण भरतं?"
"आता पोरगी भरते."
"आणि आधी?"
"मीच की. गणपतीपासून नाय जमत."
"स्टेशनचा पूल?"
"पूल सोडला मी. बसनं जाते."
"रात्री किती उशा घेता?"
"उशी एकच. पण आडवी कुठं होते? भिंतीला टेकून बसते."

सगळी बॅच माझ्याकडे बघत होती. मग सरांनी त्यांना डाव्या कुशीवर वळवलं, हृदयाच्या टोकाशी स्टेथची बेल (कमी पट्टीचे आवाज ऐकायची वाटी) अलगद टेकवली आणि मला ऐकायला लावलं. लांबून पुलावरून मालगाडी जावी तशी बारीक गडगड. मायट्रल स्टेनोसिस, म्हणजे हृदयाची मायट्रल झडप अरुंद झालेली. लहानपणी गुडघे सुजून ताप आला होता (झडप बहुतेकदा त्यातूनच बिघडते), हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. मी विचारलंच नव्हतं. पाठीवर दोन्ही बाजूंना खाली क्रेप्ट्स (श्वास घेताना फुफ्फुसात येणारे चरचर आवाज) होते. म्हणजे छातीही क्लिअर नव्हती.

आता माझे प्रश्न:
गोंगाटात कमी पट्टीचा मर्मर पकडायचा कसा?
मानेतली शीर, म्हणजे जेव्हीपी, मला कधीच खात्रीने दिसत नाही. सगळे 'दिसतेय ना?' म्हणतात आणि मी मान डोलावते.
व्होकल फ्रेमिटससाठी (बोलताना छातीवर हाताला लागणारी थरथर) मराठी पेशंटला काय म्हणायला सांगता? मी 'नव्याण्णव' सांगते, तर एका आजोबांनी विचारलं, "कशाचे नव्याण्णव?"
आणि दम, धाप, दमा, जीव घाबरा होणं, छाती भरणं यातलं कोण नेमकं काय सांगतंय, हे ओळखायचं कसं?

---

जुनी नाडी:
अगं, मान आम्हीही डोलावलीय. क्रमाने सांगतो.

स्टेथच्या आधी तळहात ठेव. मायट्रल स्टेनोसिसमध्ये पहिला आवाज इतका ठसठशीत असतो की हाताला टकटक लागते. ती लागली की कानाला काय शोधायचं ते कळतं. बेल दाबू नकोस. दाबलीस की कातडी ताणून तिचाच डायफ्रॅम (उंच पट्टीचे आवाज ऐकायची चपटी बाजू) होतो आणि तुझी गडगड गेली. श्वास सोडून धरायला सांग. दुसरा हात कॅरोटिडवर (मानेतली धमनी) ठेव, म्हणजे ठोका कुठला आणि मधली जागा कुठली हे समजेल. एका वेळी एकच ऐक: आधी फक्त पहिला आवाज, मग फक्त दुसरा, मग मधलं. पुस्तकात 'थोडा व्यायाम करवून ऐका' असतं. रात्र बसून काढणाऱ्या बाईला ते करायला लावू नकोस. आणि सकाळी सातला जा, वॉर्ड तेव्हाच काय तो शांत असतो.

जेव्हीपी: पाठ ४५ अंशांवर, मान सैल, तोंड किंचित डावीकडे. मोबाईलचा टॉर्च समोरून नको, तिरपा धर. कॅरोटिड बोटाला लागते, जेव्हीपी फक्त डोळ्याला दिसते. एका ठोक्याला दोनदा लवते आणि उठून बसवलं की खाली सरकते. स्टर्नल अँगलपासून (छातीच्या मधल्या हाडावरचा उंचवटा) सरळ उभी उंची ३ सेंमीच्या वर गेली तर वाढलेली समज. फार वाढलेली असली तर ४५ अंशांवर तिचं वरचं टोक जबड्यामागे लपतं आणि 'दिसत नाही' असं वाटतं. मग पेशंटला ताठ बसवून बघ. मी यात एकदा चांगला फसलोय.

---

अडाणी आप्पा:
एवढा खटाटोप कशाला? हल्ली सगळ्यांचा इको (हृदयाची सोनोग्राफी) काढतातच की.

जुनी नाडी:
आप्पा, इको कोणाचा आधी काढायचा हे ठरवायला कोणीतरी हात लावावा लागतो.

---

नाईट ड्युटी:
मी नर्स, सव्वीस वर्षं झाली. बाळा, "दम लागतो का" हा प्रश्नच सोडून दे. बायका काम सोडतात आणि मग दम लागत नाही म्हणतात, खोटं बोलत नाहीत त्या. "आधी करत होता आणि आता सोडलं असं कुठलं काम?" असं विचार.

'मला दमा आहे' म्हणजे अस्थमाच असं धरू नकोस, कितीतरी जण नुसत्या धापेला दमा म्हणतात. 'छाती भरली' म्हणजे बहुतेक वेळा कफ. पण 'छातीत भरून येतं' म्हणाले की लगेच विचार, चालताना येतं का, थांबल्यावर जातं का. तो त्रास हार्टचा असू शकतो. 'गॅस झालाय' म्हणत घामाघूम होऊन आलेल्यांचा तर आधी ईसीजी.

आणि श्वास मोजताना "श्वास मोजते हं" म्हणू नये! सांगितलं की माणूस लगेच वेगळा श्वास घ्यायला लागतो. मनगट हातात धरायचं, नाडी मोजून झाली तरी सोडायचं नाही आणि पुरा एक मिनिट पोटाकडे बघायचं. मोठ्या माणसाचे १२ ते २० ठीक. चार्टवर सगळ्यांचे १८ लिहिलेले दिसतील, त्यावर मी काही बोलत नाही.

---

फिजिओ परळकर:
एमएमआरसी (धाप किती लागते ते मोजायची पट्टी) ग्रेडमध्ये 'सपाटीवर सुमारे १०० मीटरनंतर थांबावं लागतं' ही ग्रेड ३. आता १०० मीटर किती ते पेशंटला कुठून कळणार? मी विचारतो, "प्लॅटफॉर्मवर किती डबे चालून जाता?" लोकलचा डबा साधारण २० मीटरचा, म्हणजे पाच डबे. उत्तर झटकन येतं, वर "लेडीज डब्यापर्यंतसुद्धा नाही हो" असा तपशीलही.

नव्याण्णवची गंमत: मूळ शब्द जर्मन, 'नॉयनउंडनॉयनत्सिग'. त्यातल्या 'ऑय'ने छाती थरथरते. इंग्रजीत आकडा आला, थरथर तिकडेच राहिली. मराठीत आकड्याचा हट्ट नको, मी 'एक, एक, एक' म्हणवून घेतो. आवाज जाड आणि दोन्ही बाजूंना सारखा हवा, बास. हाताची कड एकदा उजवीकडे, लगेच डावीकडे त्याच उंचीवर. पाणी साचलं असेल तर त्या बाजूला थरथर कमी आणि ठोकलं तर दगडावर ठोकल्यासारखं. न्यूमोनियाने फुफ्फुस घट्ट झालं असेल तर थरथर वाढलेली.

क्रेप्ट्स वाटले तर एकदा खोकायला लावून परत ऐक, कफाचे असतील तर बदलतात किंवा जातात. गाऊनवरून तर ऐकूच नकोस. छातीवर केस असले तर ते ओले कर, नाहीतर केसांचेच क्रेप्ट्स लिहिशील.

---

धागाकर्ती (अपडेट):
सगळ्यांचे आभार. आज पावणेसातला गेले. तळहात ठेवला, टकटक लागली! गडगडही ऐकू आली, थोडी कमी वाटली, पण माझी मी ऐकली. ताईंना लघवीचं औषध सुरू झाल्यापासून काल रात्री दोन उशांवर आडवं होता आलं. इको उद्या आहे.

श्वास गुपचूप मोजले, २६ भरले. चार्टवर १८ आहेत.

जेव्हीपी अजून दिसली नाही. टॉर्च तिरपा धरून बराच वेळ मान न्याहाळत होते, शेवटी ताईच म्हणाल्या, "काय हरवलंय का?" त्यांच्या मानेवर काळ्या मण्यांची पोत होती, ती काढायला सांगायची की बाजूला सरकवायची? तुम्ही काय करता?