‘गोइंग टु’ म्हणजे निघालो की ठरवलं?

प्रश्न : ‘आय ॲम गोइंग टु ईट’ म्हणजे ‘मी जेवायला जातोय’ की ‘मी जेवणार आहे’? मुलीला नीट सांगता येईना.

– दोन्ही. डबा घेऊन उठलेला माणूस बोलला तर पहिलं, जागेवर बसलेला बोलला तर बहुतेक दुसरं. इंग्रजीतही हे मुळात खरंखुरं जाणंच होतं. काही करायला निघालेल्याच्या मनात ते करायचा बेत असतोच. पुढे चालणं मागे पडलं आणि बेत उरला. १४८२च्या सुमाराच्या एका इंग्रजी ग्रंथात नरकात नेल्या जाणाऱ्या आत्म्याबद्दल हा प्रयोग आहे. तिथे आत्म्याची इच्छा कसली! म्हणजे ‘आता हे होणार’ हा अर्थही तेव्हाच डोकावत होता. आभाळ भरून आल्यावर ‘इट्स गोइंग टु रेन’ म्हणतात, तोच हा अर्थ.

मुलीला एक खूण सांगा. बोलताना ‘गोइंग टु’चं ‘गॉना’ होतं, पण बेत असेल तरच. ‘आय ॲम गॉना ईट’ चालतं, ‘आय ॲम गॉना पुणे’ कधीच नाही. गावाला जाताना ‘गोइंग टु’ पूर्णच म्हणावं लागतं.

– आणि ‘विल’? शाळेत ‘विल’ म्हणजे ‘-ईन’ असं शिकवतात.

– तिथेच घोळ होतो. आधी ठरलेलं असेल तर ‘गोइंग टु’ आणि मराठीत ‘-णार’; ही जोडी छान जुळते. पण फोन वाजला आणि कुणी ‘आय विल गेट इट’ म्हणालं, तर आपण ‘घेईन’ म्हणत नाही, ‘घेणार आहे’ही नाही. ‘थांब, मी घेते’ म्हणतो. त्या क्षणी ठरलेल्या गोष्टीला मराठीत साधा वर्तमानकाळच शोभतो.

– मराठीतलं ‘जाणं’ बेत दाखवतच नाही का?

– दाखवतं की! ‘करायला गेलो गणपती, झाला मारुती’ यात कुणी उंबरठाही ओलांडलेला नसतो. पण आपल्याकडे हे बहुधा बेत फसल्यावर येतं, नाहीतर कुणाला अडवताना : ‘उगाच मध्ये बोलायला जाऊ नकोस.’ म्हणून पुढच्या बेतासाठी ‘पुस्तक लिहायला जातोय’ चालत नाही, ‘लिहिणार आहे’च हवं. ‘आय वॉज जस्ट गोइंग टु कॉल यू’चंही तसंच : ‘तुला फोन करणारच होते.’ त्यातला ‘च’ गाळू नका, ‘जस्ट’चं सगळं काम तोच करतो.