मदत हवी आहे: आईचं पीआर कार्ड संपलंय, पुढच्या महिन्यात तिकीट

वाटसरू७७
आईच्या पीआर (कायम निवासाच्या) कार्डाची मुदत संपली आहे. पुढच्या महिन्यात ती भारतात जाणार आहे, तिकीट काढून झालंय. नूतनीकरणाला काय काय लागतं? नवीन कार्ड यायच्या आधी ती जाऊन परत येऊ शकते का? तिकीट बदलायचं तर या आठवड्यातच बदलावं लागेल, तेव्हा नक्की माहीत असेल त्यांनीच सांगा.

मेपल
आयएमएम ५४४४ हा फॉर्म, फी ५० डॉलर. गेल्या ५ वर्षांत किमान ७३० दिवस देशात राहिल्याचा हिशोब द्यावा लागतो, म्हणून पासपोर्टातल्या शिक्क्यांवरून तारखा आधी जुळवून घ्या. चालू कार्ड नसेल तर परतीच्या विमानात बसू देत नाहीत, तिकडून पीआरटीडी (परतीच्या प्रवासाचं कागदपत्र) काढावं लागतं. माझ्या मते तिकीट पुढे ढकला.

रानवारा
मेपल, हे कॅनडाचं झालं. वाटसरू, देश कुठला ते लिहा. कार्ड २ वर्षांचं की १० वर्षांचं? आई आत्ता कुठे आहेत? या तीन गोष्टींवर सगळं उत्तर बदलतं.

वाटसरू७७
अमेरिका. ग्रीन कार्ड, १० वर्षांचं. आई इथे माझ्याकडेच आहे.

रानवारा
मग तिकीट बदलू नका, पण फॉर्म त्या निघायच्या आधी भरा. बाहेर गेल्यावर भरायला गेलात तर आधी वकिलातीशी बोलावं लागतं आणि गुंता वाढतो.

मुदत कार्डाची संपली आहे, आईंच्या कायम निवासाची नाही. कार्ड हा फक्त त्याचा पुरावा. तो ताजा करायला आय-९० भरायचा. यूएससीआयएसच्या (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या) साइटवर खातं उघडून ऑनलाइन भरलात तर ४१५ डॉलर, कागदावर ४६५. बोटांच्या ठशांचे पैसे यातच आले. पत्ता 'डॉट गव्ह'ने संपतो ना, ते बघूनच पैसे भरा. हुबेहूब दिसणाऱ्या खाजगी साइट्स नुसता फॉर्म भरून द्यायचे वेगळे पैसे घेतात.

कारण विचारतील तिथे 'कार्डाची मुदत संपली आहे किंवा ६ महिन्यांत संपणार आहे' हा पर्याय निवडा. कार्डाच्या दोन्ही बाजू स्कॅन करून जोडा. फोटो लागत नाही. 'क्लास ऑफ अ‍ॅडमिशन' म्हणजे कार्डावर 'कॅटेगरी'खाली छापलेला कोड. मुंबईहून व्हिसा घेऊन आलेल्या आईवडिलांचा बहुधा आयआर५ असतो, पण अंदाजाने लिहू नका, कार्डावरून उतरवा. 'रेसिडंट सिन्स'ची तारीखही तशीच. व्हिसा कुठे मिळाला आणि पहिल्यांदा कुठल्या विमानतळावर उतरल्या हेही विचारतात. तेव्हाचा जुना पासपोर्ट बाजूला काढून ठेवा, नाहीतर लोक इथेच अडकतात.

पैसे भरल्यावर आयओईने सुरू होणारा पावती क्रमांक मिळतो आणि मागाहून टपालाने आय-७९७सी ही पावती येते. सप्टेंबर २०२४ पासून या पावतीवर जुन्या कार्डाला ३६ महिन्यांची मुदतवाढ लिहिलेली असते. पावती आणि संपलेलं कार्ड जोडीने दाखवायचं. नोकरी असो, परवाना असो की विमानतळ, नवीन कार्ड येईपर्यंत हीच जोडी चालते.

अनाहूत
४१५ डॉलर वाया का घालवताय? १० वर्षं झाली आहेत तर सरळ नागरिकत्वाचा एन-४०० भरा. डिसेंबर २०२२ पासून एन-४००च्या पावतीवरही कार्डाला २४ महिन्यांची मुदतवाढ मिळते, वेगळा आय-९० भरावा लागत नाही. ऑनलाइन ७१० डॉलर. पुन्हा दर १० वर्षांनी हे करत बसायला नको.

चांदणी
अनाहूत, मुदतवाढीचं बरोबर आहे, पण सल्ला घाईचा आहे. आईंना इंग्रजी येतं का? वय कितीही असलं तरी १० वर्षांच्या निवासावर इंग्रजीतून सूट मिळत नाही. वय ५५ आणि निवास १५ वर्षं, किंवा वय ५० आणि निवास २० वर्षं लागतो. नागरिकशास्त्राची परीक्षाही २० ऑक्टोबर २०२५ पासूनच्या अर्जांना कठीण झाली: १२८ प्रश्नांतून २० विचारतात, १२ बरोबर यावे लागतात.

वाटसरू, दुसरं: आई दर वर्षी किती महिने भारतात असतात?

वाटसरू७७
इंग्रजी जेमतेम. भारतात पाच-सहा महिने राहते, एकदोनदा जास्त झाले असतील. त्याचा कार्डाशी काय संबंध? आय-९० मध्ये प्रवास विचारतात का?

चांदणी
आय-९० मध्ये प्रवासाची यादी मागत नाहीत. एन-४०० मध्ये ५ वर्षांची मागतात, आणि त्यातले किमान ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत असावे लागतात. एका फेरीत ६ महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं तर सलग निवास तुटला असं धरतात, तो तुटला नाही हे आपण सिद्ध करायचं. म्हणून आत्ता एन-४०० नको. अपात्र ठरणाऱ्या अर्जात ७१० डॉलर घालण्यापेक्षा ४१५चं साधं काम बरं.

अनाहूत
तारखा न बघताच अपात्र कशा ठरवता? पाच महिने म्हणजे सहा नव्हेत. आधी यादी करू द्या, मग बोला.

कोकणकडा
नागरिकत्व घेण्याआधी एक लक्षात घ्या. भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, मग लोक ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) काढतात आणि ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. सातबाऱ्यावर नाव असेल तर विचार करा.

चांदणी
शेतजमीन परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही घेता येत नाही. वारसाने मात्र दोघांनाही मिळते. इथे कोणी जमीन घेत नाहीये, कार्डाचं बोला.

रानवारा
परतीचं बोलू या, कारण अडचण तिथे येते. १० वर्षांचं कार्ड संपलेलं असलं तरी विमान कंपनीने प्रवाशाला बसवायला अमेरिकेची हरकत नाही. पण चेक-इनच्या काउंटरवरच्या माणसाला हे माहीत असेलच असं नाही. म्हणून पावतीचा मूळ कागद हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नको. फक्त फोनवरच्या पीडीएफवर विसंबू नका.

इकडे उतरल्यावर लांबच्या मुक्कामाबद्दल विचारलं आणि आय-४०७ समोर ठेवला, तर सही करायची नाही, हे आईंना आत्ताच पक्कं सांगून ठेवा. तो ग्रीन कार्ड स्वेच्छेने सोडल्याचा फॉर्म आहे. सक्ती करता येत नाही. इमिग्रेशन न्यायाधीशापुढे बाजू मांडायचा हक्क असतो. इंग्रजी जेमतेम असेल तर दुभाषा मागायचा.

वाटसरू७७
आणि ठशांची तारीख ती तिकडे असताना आली तर? शिवाय आम्ही मध्यंतरी घर बदललं, कार्डावर काही पत्ता नसतो ना?

रानवारा
कार्डावर नसतो, पण त्यांच्या नोंदीत असतो. घर बदलल्यावर १० दिवसांत एआर-११ (पत्ता बदलल्याचा फॉर्म) भरायचा असतो. तो राहिला असेल तर आजच ऑनलाइन भरा आणि आय-९० मध्ये नवाच पत्ता द्या. यूएससीआयएसचं कार्ड टपालखातं नव्या पत्त्यावर पाठवत नाही, परत धाडतं. पत्रपेटीवर आईंचं नाव चिकटवा.

ठसे काही वेळा जुनेच वापरतात, तेव्हा बोलावणं येत नाही. आलं तर खात्यातून ती तारीख येण्याआधीच बदलून घ्या. न कळवता गैरहजर राहिलं तर अर्ज सोडून दिला असं धरतात आणि पैसे परत मिळत नाहीत. म्हणून त्या तिकडे असताना तुमचं लक्ष खात्यावर हवं.

मेपल
आई निघायच्या आत पावती टपालाने आलीच नाही तर काय करायचं?

चांदणी
यूएससीआयएसच्या संपर्क केंद्राला फोन करून प्रवासाची तारीख सांगायची आणि एडीआयटी शिक्का (कायम निवासाचा तात्पुरता पुरावा) मागायचा. तो पासपोर्टात मारून देतात किंवा शिक्का असलेला आय-९४ (देशात आल्याच्या नोंदीचा फॉर्म) टपालाने पाठवतात. पण त्यासाठीही आय-९० भरल्याचा क्रमांक विचारतील. वाटसरू, फॉर्म आज रात्रीच भरा. नाव कार्डावर आहे तसंच लिहा, पासपोर्टात वडिलांचं नाव मध्ये घातलेलं असलं तरी. बदल हवा असेल तर लग्नाचा दाखला किंवा कोर्टाचा आदेश मागतात आणि तुमच्याकडे आत्ता तेवढा वेळ नाही.