मदत हवी आहे: दिल्ली पायी, तीन दिवस (शनि-रवि-सोम), सोबत आई

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि आई दिल्लीत असू. हातात शनिवार, रविवार, सोमवार असे तीन पूर्ण दिवस. मुक्काम कस्तुरबा गांधी मार्गावर. आई ६४ वर्षांची आहे. सपाट रस्त्यावर सहा-सात किलोमीटर सहज चालते, पण पायऱ्या उतरताना गुडघा दुखतो. गाडी करून दिवसाला दहा ठिकाणं उरकायची नाहीत. मेट्रोने जायचं आणि पुढे चालायचं, असं ठरवलं आहे. जुन्या वास्तू तर हव्यातच, पण थोडं रानही हवं.

विचारायचं आहे ते असं: कोणता भाग कोणत्या दिवशी ठेवावा? रिज (शहरातली झाडीची डोंगररांग) आणि संजय वन (कुतुबजवळचं रान) दोघांनीच पायी करण्यासारखं आहे का? आणि त्या दिवसांत हवा कशी असते?

दगडमाती

तुमचे वार असे आहेत की आधी वारांचा हिशेब लावावा लागेल. लाल किल्ला सोमवारी बंद. राष्ट्रीय संग्रहालय आणि राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यान हेही सोमवारी बंद. (अमृत उद्यान फेब्रुवारी-मार्चमध्ये उघडतं, प्रवेश मोफत असतो, पण आधी ऑनलाइन नोंदणी केलेली बरी.) कुतुब आणि हुमायूनचा मकबरा रोज उघडे असतात. रविवारी चांदनी चौकातली बहुतेक दुकानं बंद असतात. खरेदी करायची नसेल तर हे पथ्यावरच पडतं. लोदी गार्डन आणि सुंदर नर्सरीत मात्र रविवारी सहलींची झुंबड. म्हणून शनिवारी लोदी ते हुमायून, रविवारी उत्तर रिज आणि लाल किल्ला, सोमवारी मेहरौली, म्हणजे कुतुबचा परिसर. हा क्रम उलटा केलात तर कुठेतरी कुलूप तरी भेटेल नाहीतर गर्दी तरी.

शनिवार. तुमच्या मुक्कामाजवळचं जनपथ स्टेशन व्हायोलेट लाइनवर आहे. एक स्टेशन जाऊन केंद्रीय सचिवालयाला यलो लाइन पकडा आणि जोर बागला उतरा. सफदरजंगचा मकबरा (१७५४) अगदी लागून आहे. तिथून लोदी रोडने पूर्वेला साधारण एक किलोमीटरवर लोदी गार्डन. बागेला तिकीट नाही आणि सकाळी लवकर उघडते, म्हणून आधी बाग करा, सफदरजंग वेळ उरला तर. आत मुहम्मद शाह सय्यदची अष्टकोनी कबर (१४४४), बडा गुंबद, शीश गुंबद आणि सिकंदर लोदीची कबर (१५१७) अशा ओळीने दक्षिणेकडून उत्तरेकडे जाता येतं. शीश गुंबदपाशी थांबून दर्शनी भिंतीवर वर बघा. निळ्या टाइल्सच्या थोड्या पट्ट्या शिल्लक आहेत. सगळी इमारत एकेकाळी अशी चकाकत असणार, म्हणून हे नाव. सिकंदरच्या कबरीजवळ अठपुला आहे, अकबराच्या काळातला. नाव आठ खांबांवरून पडलं आहे, कमानी सातच आहेत.

बागेपासून हुमायूनच्या मकबऱ्यापर्यंत लोदी रोडनेच अडीच-तीन किलोमीटर. फुटपाथ चांगला आणि सावलीचा आहे, पण शेवटी मथुरा रोडवर सब्ज बुर्जाचा गोल चौक लागतो. निळ्या घुमटाची वास्तू मध्येच उभी असते आणि तिच्याभोवती वाहनं थांबतच नाहीत. तिथे घाईने रस्ता ओलांडू नका. थोडं लांब पडलं तरी सिग्नल किंवा पादचारी मार्ग गाठा. दिल्लीत पायी चालणाऱ्याची दमछाक अंतराने कमी आणि अशा चौकांनीच जास्त होते.

हुमायूनचं तिकीट भारतीयांना ४० रुपये, ऑनलाइन ३५. दारावरच क्यूआर कोड असतो. पंधरा वर्षांखालच्यांना मोफत. आत शिरल्यावर उजव्या हाताला ईसा खानची कबर (१५४७) आहे. ती हुमायूनच्या मकबऱ्याच्या वीसेक वर्षं आधीची. ती सपाटीवर आहे, आईंना तिथे निवांत बसता येईल. मुख्य मकबऱ्याच्या चौथऱ्यावर चढणारा जिना अरुंद आणि अतिशय उभा, पायऱ्या उंच. गुडघ्याचा त्रास असेल तर वर न गेलेलंच बरं. बागेतल्या पाण्याच्या पाटाच्या कडेने चारी बाजूंनी इमारत पूर्ण दिसते. बाहेर पडलं की सुंदर नर्सरी शेजारीच. दोन्हींना जोडणारं जमिनीखालचं संग्रहालय २०२४ मध्ये सुरू झालं आहे. नर्सरीचं तिकीट वेगळं, जागा सुमारे ९० एकर, वाटा सपाट, बाकं आणि स्वच्छतागृहं भरपूर. दुपार तिथेच काढा.

संध्याकाळी रिक्षाने इंडिया गेट आणि मग कर्तव्य पथाने विजय चौकापर्यंत साधारण सव्वादोन किलोमीटर. चालत जाण्याचं कारण नजरेच्या एका खेळात आहे. इंडिया गेटपाशी राष्ट्रपती भवन पूर्ण दिसतं. जसजसे विजय चौकाजवळ जाता, तसतशी इमारत चढामागे खाली बुडत जाते आणि शेवटी घुमटाचा माथाच उरतो. नवी दिल्लीचा वास्तुरचनाकार ल्युटेन्स याच्या मनात टेकडीच्या माथ्यावर एकटा प्रासाद होता. त्याचा सहकारी वास्तुरचनाकार बेकर याने सचिवालयाच्या दोन इमारतीही माथ्यावर आणल्या, प्रासाद मागे सरकला, आणि मधला चढ नजरेच्या आड आला. दोघांचं त्यावरून कायमचं बिनसलं. गाडीतून जाताना हे ध्यानातच येत नाही. परतीला केंद्रीय सचिवालय स्टेशन आहेच. एक सूचना: प्रजासत्ताक दिनाच्या संचलनासाठी घातलेले मांडव आणि लोखंडी कठडे फेब्रुवारीच्या सुरुवातीला काढत असतात, त्यामुळे कडेच्या काही वाटा बंद मिळू शकतात.

रानवाटा

रविवारचं मी सांगतो. उत्तर रिज म्हणजे अरवलीची अगदी शेवटची शेपटी. जनपथहून व्हायोलेट लाइनने कश्मीरी गेट, तिथून यलोने तिसरं स्टेशन विश्वविद्यालय. कमला नेहरू रिजला विद्यार्थी 'बोंटा पार्क' म्हणतात. रिक्षावाल्याला तेच नाव सांगा. स्टेशनपासून फ्लॅगस्टाफ टॉवर (१८२८) साधारण एक किलोमीटर. तिथून रिजच्या कण्यावरून दक्षिणेला चालत राहायचं: चौबुर्जी मशीद, मग हिंदूराव रुग्णालय, त्यापुढे अशोक स्तंभ, अजितगढ आणि शेवटी पुलबंगश मेट्रो. एकूण चार-साडेचार किलोमीटर, दोन ते अडीच तास. चढ-उतार हलके आहेत, पायऱ्या जवळजवळ नाहीत. आईंसाठी तिन्ही दिवसांतली ही सर्वात सोपी चाल.

अशोक स्तंभ फिरोजशाह तुघलकाने मेरठहून आणवला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला दारूगोळ्याच्या स्फोटात त्याचे पाच तुकडे झाले आणि १८६७ मध्ये ते जोडून पुन्हा उभा केला. जवळ जाऊन बघा, सांधे स्पष्ट दिसतात. अजितगढ म्हणजे १८६३ साली इंग्रजांनी १८५७ मधल्या आपल्या बाजूच्या सैनिकांसाठी बांधलेला लाल दगडी मनोरा. १९७२ मध्ये त्याचं नाव बदललं आणि तिथे लढलेल्या भारतीयांची आठवण सांगणारा फलक लावला. दोन्ही मजकूर वाचूनच पुढे जा.

हिंदूराव हे नाव आपल्याकडचंच. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू, कागलकर घाटगे घराण्यातले. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ मध्ये खून झाल्यावर त्याचं टेकडीवरचं घर त्यांनी घेतलं, आणि १८५७ च्या वेढ्यात त्याच घराभोवती लढाई पेटली. आज तिथे मोठं चालतं रुग्णालय आहे. आवारात फिरोजशाहच्या काळातली पीर गायब ही वास्तू आणि एक बावडी (पायऱ्यांची विहीर) आहे. रुग्णांची वाट अडवू नका, फोटो फक्त वास्तूचे काढा.

माकडांविषयी. रिजवर ती टोळीने असतात आणि हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीला खाऊ समजतात. हात मोकळे ठेवा, पाण्याची बाटलीही पाठीवरच्या सॅकच्या आत. वाटेत काही खाऊ नका. समोर आलंच तर डोळ्यांत डोळे घालू नका, धावू नका, कडेने हळू निघून जा.

पुलबंगशहून रेड लाइनने दोन स्टेशनं, कश्मीरी गेटला बदलून पुढचंच स्टेशन लाल किल्ला. किल्ला आतून सपाट आहे. जामा मशिदीच्या पायऱ्या उंच आहेत, त्या आईंनी टाळाव्यात. चांदनी चौकात लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंत सकाळी ९ ते रात्री ९ मोटारवाहनांना बंदी आहे, पण सायकलरिक्षा चालतात आणि त्या मागून आवाज न करता येतात. पुस्तकांची आवड असेल तर दरियागंजचा रविवारचा जुना बाजार आता दिल्ली गेटजवळच्या महिला हाटमध्ये भरतो.

पाऊलवाट

मनापासून आभार. सोमवारी मेहरौलीत कुठून सुरुवात करू? आणि संजय वन त्याच दिवशी जोडता येईल का?

दगडमाती

आधी कुतुब, मग मेहरौली पुरातत्त्व उद्यान. यलो लाइनचं कुतुब मिनार स्टेशन मिनारापासून दीड-दोन किलोमीटर दूर आहे. तो रस्ता चालण्यात मजा नाही, रिक्षा करा. तिथे सूर्योदयाच्या सुमारास पोचलात तर गर्दीच्या आधी तासभर मिळतो.

कुतुबमधल्या मशिदीच्या उंच दगडी पडद्यातली (११९९) मोठी कमान नीट बघून ठेवा. दगडांचे थर आडवेच आहेत, प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा पुढे आलेला, आणि वर दोन्ही बाजू टेकल्या आहेत. कारागीर इथलेच होते, त्यांना हीच पद्धत येत होती. मग अणुव्रत मार्गावरून उद्यानात जा (तिकीट नाही) आणि सुलतान बलबनची कबर शोधा, साधारण १२८७ ची. तिथे दगड पाचरीसारखे घडवून कमानीच्या वळणाने बसवले आहेत आणि माथ्यावर कळीचा दगड आहे. भारतातली टिकून राहिलेली पहिली खरी कमान म्हणून ती ओळखली जाते. नव्वद वर्षांत हात कसा बदलला ते अर्ध्या दिवसात, दोन्ही पायी गाठून, स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. मेहरौलीला मी सगळ्या दिल्लीपेक्षा वरचं स्थान देतो ते यासाठी.

जमाली-कमालीची कबर बहुधा कुलूपबंद असते. पहारेकरी जवळ असेल तर विचारा, आतलं छत बघण्यासारखं आहे. राजों की बावली (१५०६) मधले 'राज' म्हणजे गवंडी, राजेरजवाडे नव्हेत. ती वरच्या कठड्यावरूनच पुरी दिसते, आईंना उतरायची गरज नाही. उद्यानातल्या वाटा फाटत जातात आणि पाट्या अपुऱ्या आहेत, म्हणून नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून ठेवा.

रानवाटा

संजय वन सोमवारी दोघांनीच नको. जागा मोठी, आतल्या वाटा सारख्याच दिसतात आणि आडदिवशी आत माणूस विरळ. शनिवार-रविवारी सकाळी चालणाऱ्यांचे गट असतात, तेव्हा जावं, तेही रुंद वाटेने, आणि दहाच्या आत बाहेर. झाडोरा बराचसा विलायती कीकरचा, म्हणजे आपली वेडी बाभूळ. इंग्रजांच्या काळात रिजवर लावली आणि तिने मूळचं रान दाबून टाकलं. तिचा काटा पातळ तळाच्या चपलेतून आरपार जातो, म्हणून रिजवर जाड तळाचे बूटच घाला. मूळच्या झाडांत रोंझ, म्हणजे आपला हिवर, पांढुरक्या सालीवरून लगेच ओळखू येतो. पळस आणि सेमल (काटेसावर) यांना फुलं यायला फेब्रुवारीअखेर उजाडते. तुम्हाला कळ्या तरी नक्की दिसतील.

हवेबद्दल: नोव्हेंबर ते जानेवारीपेक्षा फेब्रुवारी बराच बरा. रोज सकाळी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर हवेच्या निर्देशांकाचा (एक्यूआय) आकडा बघा. २०० पर्यंत चाला. २०१ ते ३०० म्हणजे 'खराब', तेव्हा आईंना एन-९५ मास्क द्या आणि चाल निम्मी करा. ३०० च्या वर गेला तर त्या दिवशी संग्रहालय. वारा नसेल तर पहाटे आकडा जास्त असतो आणि ऊन चढल्यावर उतरतो. अशा दिवशी सातऐवजी दहाला निघा. पहाटे पारा १० च्या आसपास आणि दुपारी २४-२५, म्हणून एका जाड स्वेटरऐवजी दोन पातळ थर घाला.

पाऊलवाट

सगळं लिहून घेतलं. शेवटचं एक: मुक्कामाजवळ संध्याकाळी अर्ध्या तासात पायी होईल असं काही?

दगडमाती

अग्रसेन की बावली. कस्तुरबा गांधी मार्गावरून हेली रोडला वळलं की दहा मिनिटांत. अंधार पडायच्या आत जा. आईंना वरच्या कडेला थांबू द्या आणि तुम्ही अर्ध्यापर्यंत उतरून मागे वळून बघा. खाली जाल तसा रस्त्याचा आवाज कमी होत जातो आणि कबुतरांचा वाढतो. मोठा रस्ता ओलांडायचा असेल तर भूमिगत मेट्रो स्टेशनात शिरून पलीकडच्या दाराने बाहेर पडा. त्याला तिकीट लागत नाही, फक्त आईंसाठी सरकता जिना किंवा लिफ्ट कोणत्या दारात आहे ते आधी बघून घ्या.