आयरिश लोककथांवरची ऑनलाइन एस्केप रूम : ओघमच्या दगडापाशी आमचे काय चुकले?

धरमपेठची_दुपार (प्रश्न)

नमस्कार. मे महिन्यात नागपुरात दुपारी घराबाहेर पडण्याची सोय नसते, म्हणून गेल्या रविवारी आम्ही आयरिश लोककथांवर बेतलेली एक ऑनलाइन एस्केप रूम, म्हणजे ठरलेल्या वेळेत कोडी सोडवत कुलपे उघडण्याचा खेळ, खेळलो. मी, माझी ७२ वर्षांची आई आणि १४ वर्षांचा भाचा इथे कूलरसमोर एका लॅपटॉपला चिकटून बसलो होतो आणि धाकटा भाऊ पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होता. ६० मिनिटांत पाच कुलपे उघडायची होती. आमची तीन उघडली आणि उरलेल्या दोहोंपाशी वेळ संपली.

जे जमले ते असे. माशाचे कुलूप पाच मिनिटांत उघडले. लेप्रेकॉनने, म्हणजे सोन्याचा हंडा लपवणाऱ्या आयरिश कथांतल्या बुटक्याने, पंधरा मिनिटे खाल्ली, कारण तो सतत दिसेनासा होत होता. हंसांच्या कुलपाशी भाचा आणि मी भांडलो. सावत्र आईने चार मुलांना हंस केले आणि त्यांनी तीन ठिकाणी तीनतीनशे वर्षे काढली, असे तिथे लिहिले होते. भाच्याने या सगळ्याला पुन्हा चाराने गुणून ३६०० हे उत्तर टाकले. उत्तराच्या चौकटीत किती आकडे हवेत हे कुठेच दाखवलेले नव्हते. शेवटी आईने विचारले, की चौघे भावंडे एकत्रच होती ना, मग चारदा कशाला मोजता? उत्तर ९०० निघाले.

अडलो ते पुढे. एका दालनात आडनावांच्या पाट्या असलेली पाच दारे होती आणि बॅन्शी नावाची बाई रडत होती. आम्ही तिला हडळ समजून तिच्यापासून दूरची दारे उघडत राहिलो आणि प्रत्येक चुकीला दोन मिनिटे गमावली. शेवटी ओघम या आयर्लंडच्या जुन्या, रेघांच्या लिपीचा उभा दगड होता. त्याच्या कडेवर सर्वांत खाली उजवीकडे दोन रेघा, मध्ये पाच बारीक खाचा आणि वर पाच तिरक्या रेघा होत्या. सोबतच्या तक्त्यावरून आम्ही वरून खाली ‘रिल’ असे वाचले, पण ते चालले नाही. मग भावाने चित्रच उलटे केले आणि ‘डिर’ मिळाले, तेही चालले नाही.

माझा प्रश्न असा, की असे खेळ खेळण्याआधी त्या देशाच्या लोककथा वाचून बसावे, अशी खेळ रचणाऱ्याची अपेक्षा असते का? आणि इंग्रजी न येणाऱ्या वडीलधाऱ्यांना यात कसे सामावून घ्यावे?

खाचाखुणा (प्रतिसाद)

ओघमच्या बाबतीत आपण उत्तराच्या अगदी दारात उभे होता. ही लिपी दगडाच्या कडेवर कोरत आणि उभ्या दगडावर ती खालून वर वाचतात. मूळ अक्षरे वीस असून त्यांचे पाच-पाचांचे चार गट आहेत. एका गटाच्या रेघा कडेच्या उजवीकडे, दुसऱ्याच्या डावीकडे, तिसऱ्याच्या कडेला तिरक्या छेदून जाणाऱ्या, आणि स्वरांसाठी कडेवरच एक ते पाच खाचा. उजवीकडे दोन रेघा म्हणजे ल, पाच खाचा म्हणजे इ आणि पाच तिरक्या रेघा म्हणजे र. खालून वर वाचले तर ‘लिर’.

आपल्या बंधूंनी चित्र उलटे केले तेव्हा वाचण्याची दिशा बरोबर झाली, पण उजवीकडच्या दोन रेघा डावीकडे गेल्या आणि ल चा ड झाला. उलटलेल्या तिरक्या रेघा तिरक्याच राहतात आणि खाचाही तशाच, म्हणून बाकीची दोन अक्षरे शाबूत राहिली. मला विचाराल तर ही चूक बरोबर उत्तरापेक्षा अधिक गमतीची आहे.

लिर हे त्या हंस झालेल्या मुलांच्या बापाचे नाव. हंसांच्या दालनात ते आपल्या डोळ्यांसमोरून गेले असणारच. खऱ्या दगडांवरही बहुतेक नावेच असतात, अमुक याचा मुलगा अमुक, अशा धर्तीची. असे सुमारे ४०० लेख आज शिल्लक आहेत आणि त्यांतले बरेचसे आयर्लंडच्या केरी आणि कॉर्क या नैर्ऋत्येकडील भागांत आहेत.

टेकाडावरची (प्रतिसाद)

बॅन्शीला हडळ समजल्यामुळेच सगळे बिनसले, असे मला वाटते. या शब्दाचा मूळ आयरिश अर्थ ‘शी’मधली बाई असा आहे, आणि ‘शी’ म्हणजे ज्यांच्या पोटात अद्भुत लोक राहतात अशी समजूत आहे ती जुनी मातीची टेकाडे. ती कोणाला धरत नाही, झपाटत नाही. एखाद्या घराण्यात मृत्यू व्हायचा असला, की ती त्या घराण्यासाठी आधीच आक्रोश करते. ओ आणि मॅक अशा उपसर्गांची आडनावे असलेली जुनी घराणी तिची, असे मानतात. आपल्याकडे तिची तुलना करायचीच तर हडळीशी नव्हे, टिटवीशी करावी. रात्री टिटवी ओरडली की आजी ‘कोणाच्या घरावरून गेली’ असे विचारायची. टिटवीने काही केले असे कोणी म्हणत नसे. तेव्हा ती ज्या दाराशी रडत होती, तेच दार उघडायचे होते.

नागपूरकरांना ते टेकाडांचे प्रकरण समजायला अवघड जाऊ नये. काटोल रस्त्याने जुनापाणीला गेलात तर महापाषाणकाळातली सुमारे ३०० शिलावर्तुळे दिसतील. त्यांच्या काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. आयर्लंडमधले शेतकरी शेतातल्या जुन्या गोल गढ्यांवर नांगर फिरवायला धजत नसत, कारण तिथे ‘शी’चे लोक राहतात अशी त्यांची श्रद्धा होती.

आईंच्या संदर्भात एक सांगते. १९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडमधल्या सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतल्या मुलांना घरच्या आणि शेजारच्या वडीलधाऱ्यांकडून कथा, तोडगे, म्हणी लिहून आणण्याचे काम दिले होते. त्यातून सुमारे ७,४०,००० पाने जमली आणि ती आज इंटरनेटवर वाचता येतात. म्हणजे या कथा मुळात आजी-आजोबांनी सांगून नातवंडांनी लिहिलेल्या. तुम्ही भाच्याला पडद्यावरचा मजकूर मराठीत मोठ्याने सांगायला लावा आणि त्यावर आईंना प्रश्न विचारू द्या. ९०० चे उत्तर तसेच तर निघाले.

साठावे_मिनिट (प्रतिसाद)

वरच्या दोन्ही प्रतिसादांतून पुष्कळ शिकायला मिळाले, तरी मूळ प्रश्नाचे माझे उत्तर ‘नाही’ असेच आहे. एस्केप रूममध्ये लागणारी माहिती खोलीतच मिळायला हवी. २००७ मध्ये क्योतोत ताकाओ काटो यांनी या प्रकारचे खेळ सुरू केले, तेव्हापासून आवडीने खेळणाऱ्यांमध्ये हा संकेत रुळला आहे. ओघम खालून वर वाचतात याची खूण खेळात कुठेच नसेल, तर तो रचणाऱ्याचा दोष आहे. उत्तरात किती आकडे हवेत हे न दाखवणे हाही दोषच. पण दगडाच्या पायथ्याशी एखादा बाण, उगवते रोप किंवा वर चढणारी गोगलगाय नव्हती ना, हे एकदा आठवून पाहा.

लेप्रेकॉनचे मात्र तुमच्यावर आहे. त्याच्यावरून नजर हटली की तो निसटतो, हे तिथे सांगितलेले असते. एकाने कर्सर त्याच्यावर धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने शोध घ्यायचा. शिवाय तो व्यवसायाने चांभार. सगळे सोन्याच्या हंड्याकडे पाहत बसतात आणि खूण बहुधा त्याच्या हातातल्या एकाच बुटात असते.

धरमपेठची_दुपार

सर्वांचे आभार. काल सुरुवातीचे पान पुन्हा उघडून पाहिले. दगडाच्या बुंध्यावर खरोखरच एक गोगलगाय आहे आणि तिचे तोंड वरच्या दिशेला आहे. भाच्याने ती रविवारीच पाहिली होती, पण ‘सजावट असेल’ म्हणून सांगितले नव्हते.

बॅन्शीच्या दालनात आक्रोशाचा आवाज एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे सरकतो, असे भावाला पुण्यात हेडफोनवर स्पष्ट ऐकू आले होते. आम्हाला कूलरच्या घरघरीत ती फक्त रडते आहे एवढेच कळले. म्हणजे दार कोणते हे त्याला माहीत होते आणि माउस माझ्या हातात होता. येत्या रविवारी पुन्हा बसणार आहोत. बॅन्शीचे दालन येईल तेवढी दहा मिनिटे कूलर बंद ठेवायला आई तयार आहे. भाचा अजून तयार नाही.