‘मीटरिंग’ला ‘प्रकाशमापन’ म्हणावं का?

पूर्वभाग: टॉवेल-चादरींच्या कॅटलॉगचे फोटो काढणाऱ्या मुलांसाठी मराठी सूचनापत्र लिहितोय. ‘मीटरिंग मोड’ला, म्हणजे कॅमेरा उजेड कसा मोजतो त्या सेटिंगला, ‘प्रकाशमापन पद्धत’ लिहिलं, तर एका फोटोग्राफरने खोडलं. मापन असेल तर एकाच टॉवेलला दोन कॅमेरे वेगळं शटर (उजेड आत घ्यायचा वेळ) का सांगतात, असा त्याचा सवाल. शब्द चुकला का?

भुईकोट: चुकला नाही, अपुरा पडला. स्पॉटवर कॅमेरा फ्रेमचा छोटा भाग नुसता मोजतो. मॅट्रिक्स किंवा इव्हॅल्युएटिव्हवर सगळी फ्रेम मोजल्यानंतर ठरवतोही: फोकस कुठे आहे, मागच्या उजेडाला किती वजन द्यायचं. हे ठरवणं प्रत्येक कंपनीचं निराळं. म्हणून ‘प्रकाश-अंदाज’ लिहा.

कंबरतलाव: ‘अंदाज’ ही फारसी कशाला? एक्स्पोजरला, म्हणजे फोटोसाठी आत घेतलेल्या उजेडाला, ‘उद्भासन’ आहे की. भास् म्हणजे प्रकाशणे. ‘उद्भासननिश्चिती’ करा.

भुईकोट: मराठीत भास होतो तो नसलेल्या गोष्टीचा. सूचनापत्रात तो शब्द मुलांना अडवेल. फोटो फार उजळ आला की ती ‘ओव्हर गेला’, फार गडद आला की ‘अंडर आला’ म्हणतात, तेच ठेवा. आणि फारसीत ‘अंदाज़ा’चा अर्थ मापही होतो.

चाटीगल्ली: आधी फरक कुठून येतो ते बघा. दोन्ही कॅमेरे स्पॉटवर, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/८, त्याच उजेडात १८ टक्के उजेड परतवणारं करडं कार्ड फ्रेमभर. शटर वेगळं पण फोटो सारखेच उजळ आले, तर दोष नाही. लेन्समधून येणारा उजेड किंवा आयएसओची आखणी वेगळी आहे. २००६पासून आयएसओ १२२३२ या मानकात कंपनीला आपला आकडा सुचवायची मुभा आहे. शटर तेच आणि उजळपणा वेगळा, तर मीटरला बोल लावू नका. आयएसओ नाहीतर कॅमेरा फोटोची जेपेग फाइल बनवतो ती प्रक्रिया तपासा. मीटरचा स्थिरांकही (मोजलेल्या उजेडावरून एक्स्पोजर काढायचा आकडा) एक नाही: निकॉन, कॅनन १२.५ धरतात, पेंटॅक्स १४. फरक स्टॉपच्या सहाव्या भागाएवढा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा).

ट्रायपॉडवरच्या डीएसएलआरला (आरसा असलेल्या कॅमेऱ्याला) डोळा लावला नाही तर मागचा उजेड व्ह्यूफाइंडरमधून मीटरवर पडतो आणि फोटो अंडर येतो. तिथलं झाकण लावा. मिररलेस (आरसा नसलेला) मुख्य सेन्सरवरच मोजतो, त्याला हा त्रास नाही.

पूर्वभाग: आणि पांढरा टेरी टॉवेल करडा येतो तो?

चाटीगल्ली: फ्रेमभर पांढरं असलं की मीटर त्याला मधल्या छटेवर ओढतो. स्पॉटवर एक्स्पोजर +१⅓पासून +२ स्टॉपपर्यंत वाढवून द्या, गडद मरून चादरीला −१च्या आसपास. मॅट्रिक्सवर काही कॅमेरे पांढरं ओळखून आपणच वाढवतात, म्हणून एका कॅमेऱ्याचा आकडा दुसऱ्याला लावू नका. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या पांढऱ्या बाराबंदीलाही (बंदांच्या अंगरख्यालाही) हेच.

कंबरतलाव: ‘करडा’ नको, ‘राखाडी’ लिहा. करडा म्हटलं की शिस्तीचा माणूस डोळ्यांपुढे येतो.

भुईकोट: राख पांढुरकी असते, कार्ड तिच्याहून गडद. करडाच बरोबर.

पूर्वभाग: कार्डाचं ठरेल, पण मथळ्यात ‘मापन’ ठेवू की ‘अंदाज’?

कंबरतलाव: चुलीतली राख पांढुरकी. कोळशाची गडदच असते.