मदत हवी आहे: दिरांना अचानक १०३ ताप, रात्रभर काय बघायचं?

धाकटे दीर, वय ३८. संध्याकाळी शेतातून आले आणि तासाभरात हुडहुडी भरून ताप १०३ वर गेला. सर्दी-खोकला नाही, अंग ठणकतंय, डोळ्यांच्या मागे दुखतंय. बीपी, शुगर, अ‍ॅलर्जी काही नाही, दारूही नाही. ८ वाजता पॅरासिटामॉल ६५० दिली, अंग कोमट पाण्याने पुसतेय. १०१ पर्यंत उतरला होता, आता परत १०२.४. पेज पोटात राहतेय, लघवी होतेय. गावात डेंग्यूचे पेशंट आहेत, म्हणून ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम मुद्दाम दिलेली नाही. सकाळी आरोग्य केंद्रात नेणारच आहोत.

पुढची गोळी १२ ला देऊ की २ पर्यंत थांबू? आणि नेमकं काय दिसलं तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करायचा?