त्रान त्रोंग किम : जपानचं बाहुलं की हात बांधलेला पंतप्रधान?

कृष्णाकाठ (सांगली)
आमच्या वाचनालयात ऑगस्टमध्ये ४० मिनिटांचं व्याख्यान आहे, विषय 'प्रतिसरकारच्या काळातला आशिया'. व्हिएतनामचे १९४५ मधले पंतप्रधान त्रान त्रोंग किम यांच्यावर बोलायचं ठरवलंय. त्यांचं सरकार जेमतेम चार महिने टिकलं. बहुतेक ठिकाणी 'जपानी बाहुलं' एवढ्यावरच त्यांना निकालात काढलेलं दिसतं. मांडणी कशी करावी? आणि आपल्या प्रतिसरकारशी तुलना चालेल का?

माणदेशी
आधी माणूस उभा करा. जन्म १८८३, हा तिन्ह प्रांत. फ्रान्समध्ये शिकून आले, शिक्षक झाले, पुढे शाळा तपासनीस. व्हिएतनामचा इतिहास त्यांनी रोमन लिपीतल्या व्हिएतनामी भाषेत लिहिला, तो १९२० च्या सुमारास आला आणि पिढ्यान्‌पिढ्या वाचला गेला. राजकारणात ते साठी ओलांडल्यावर आले, तेही ओढले गेले म्हणून. फ्रेंच पकडतील या भीतीने जपान्यांनी त्यांना १९४४ च्या सुरुवातीला सिंगापूरला हलवलं होतं.

तारखा फळ्यावर लिहाच, श्रोत्यांचा गोंधळ तिथेच होतो. ९ मार्च १९४५ ला जपानने व्हिएतनाममधली फ्रेंच सत्ता उलथवली. ११ मार्चला सम्राट बाओ दाय यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. पंतप्रधानपदासाठी त्यांची पहिली पसंती न्गो दिन्ह दिएम या राष्ट्रवादी नेत्याला होती, पण जपान्यांमार्फत धाडलेल्या निरोपाला उत्तर आलं नाही. मग किम. १७ एप्रिलला मंत्रिमंडळ झालं : डॉक्टर, वकील, प्राध्यापक, इंजिनियर. संरक्षणमंत्री नाहीच, कारण सैन्य नव्हतं.

एक सूचना : 'त्रान' हे घराण्याचं नाव. तिकडे माणसाचा उल्लेख शेवटच्या नावाने करतात, म्हणून 'किम' म्हणा.

अजिंक्यतारा
नकाशा दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. फ्रेंचांनी देशाचे तीन तुकडे केले होते : उत्तरेत तोंकिन, मध्ये अन्नाम, दक्षिणेत कोचिनचायना. किम यांचं सरकार अन्नाममधल्या ह्वे शहरात बसायचं. हानोई, हायफाँग आणि दा नांग ही तीन शहरं जुलैत ताब्यात आली. भाताचं कोठार असलेली दक्षिण जपानने ऑगस्टच्या मध्यापर्यंत सोडली नाही.

दुष्काळ इथेच समजतो. उत्तरेत १९४४-४५ च्या हिवाळ्यात माणसं रस्त्यावर मरत होती. त्याआधी सक्तीने पडत्या भावात भात उचललं गेलं होतं, काही शेतांत भाताऐवजी ताग आणि तेलबिया लावायला लावल्या होत्या, त्यात १९४४ च्या शरदातली वादळं आणि पूर. दक्षिणेत धान्य होतं, पण दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बफेकीने रेल्वे आणि किनाऱ्यावरची जहाजं बंद पडलेली. किम यांनी धान्यव्यापारावरची बंधनं सैल केली, गरिबांना करात सूट दिली. पण गाडी, बोट, बंदूक यातलं काहीच हाती नसलेल्या सरकारचा हुकूम गोदामापर्यंत पोचतच नव्हता.

काम झालं ते शिक्षणात. मंत्री ह्वांग सुआन हान यांनी माध्यमिक शाळांत फ्रेंचच्या जागी व्हिएतनामी माध्यमाचा अभ्यासक्रम आणला, आणि तो पुढेही टिकला. राजकीय कैदीही सोडले. एवढं केलेल्या सरकारला नुसतं बाहुलं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

कुंडलकर
तुलना जपून करा. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार खालून, गावातून उभं राहिलं. न्यायदान मंडळं, तुफान सेना, भूमिगत कार्यकर्ते, लोकांची भाकरी. किम यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं. प्रतिसरकारच्या शेजारी ठेवायचं तर व्हिएत मिन्हला, म्हणजे हो चि मिन्ह यांच्या स्वातंत्र्य चळवळीला ठेवा. 'कोठारं फोडा, भूक मिटवा' ही हाक देऊन त्यांनी लोकांना धान्यगोदामांवर नेलं, गावोगावी समित्या नेमल्या. लोकांनी सरकार मानलं ते तिथे.

किम यांना जोडीदार हवा असेल तर आझाद हिंद सरकार जवळचं, तेही एकाच मुद्द्यापुरतं : जपानच्या आधाराने किती स्वायत्तता मिळते. नेताजींकडे फौज होती, हा फरक विसरू नका.

कृष्णाकाठ (सांगली)
मग नकाशा आणि दुष्काळ मध्यभागी ठेवतो. शेवट कुठे करू? आणि दुष्काळातल्या मृतांचा आकडा कोणता सांगू?

अजिंक्यतारा
ऑगस्टच्या सुरुवातीला मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि काळजीवाहू राहिलं. १९ ऑगस्टला हानोई व्हिएत मिन्हकडे गेलं, ३० ला बाओ दाय यांनी ह्वेमध्ये गादी सोडून राजमुद्रा आणि तलवार सुपूर्द केली. त्यानंतरचं सांगायला विसरू नका : किम यांचे युवकमंत्री फान आन्ह १९४६ मध्ये हो चि मिन्ह यांच्या सरकारात संरक्षणमंत्री झाले. स्वतः किम काही काळ चीन आणि हाँगकाँगला राहिले, १९४७ मध्ये परतले, १९५३ मध्ये दा लातला वारले.

मृतांचा एकच आकडा सांगू नका. अंदाज ४ लाखांपासून २० लाखांपर्यंत आहेत. २० लाखांहून जास्त हा आकडा २ सप्टेंबर १९४५ च्या हो चि मिन्ह यांच्या स्वातंत्र्य जाहीरनाम्यातला, तोही मध्य व्हिएतनाममधल्या क्वांग त्री प्रांतापासून उत्तरेकडच्या भागापुरता. तो सांगाल तेव्हा कुणाचा आणि कुठल्या भागाचा, हेही त्याच वाक्यात सांगा.